गॅरेजातली बुजवलेली जाळी

भालेराव नाना कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघायचे, माणसांकडे नंतर. दारात चपला काढतानाच मान वर व्हायची, डोळे कोपऱ्यात जायचे. मग उजवा हात पालथा करून भिंतीला लावायचे, पोराचा ताप बघतात ना, तसा. "आहे," म्हणायचे, नाहीतर "नाही." आहे म्हणजे ओल आहे. त्यानंतर कुठे आमच्याकडे वळून "काय शैला, बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "नाना, भिंतीची विचारपूस झाली असेल तर चहा टाकते."

माणसाने जन्मभर वॉटरप्रूफिंगचं काम केलेलं. ठाण्यापासून पार डोंबिवली-कल्याणपर्यंत कुणाची गच्ची गळते, कुणाचं न्हाणीघर खालच्यांच्या देव्हाऱ्यावर झिरपतं, कुणाच्या भिंतीला पोपडे धरतात, सगळं त्यांना तोंडपाठ. रिकाम्या हाताने कुठे निघाले तरी खिशात एक छोटा टॉर्च आणि सुताराची चपटी पेन्सिल असायचीच. मयतीलाही तो टॉर्च न्यायचे. माई, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावायची.

माझ्या मुलीचा साखरपुडा आमच्याच घरी झालेला. व्याही मंडळी बसलेली, देण्याघेण्याचं गोड बोलणं चाललेलं, आणि नाना पांढऱ्या शर्टात स्टुलावर चढून छताला हात लावतायत. माई खालून त्यांचा शर्ट ओढतेय, "अहो उतरा, लग्नाचं बोलतायत ते!" नाना वरूनच म्हणाले, "लग्न होतंय गं. पण हा पोपडा पाहुण्यांच्या डोक्यावर येणार, त्यांना जरा अलीकडे सरकवा." व्याही हसले आणि सरकले नाहीत. शिरा वाढेपर्यंत दम धरला त्या पोपड्याने. व्याह्यांच्या बशीत तो पडला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि माई तोंडात पदर कोंबून आत पळाली. आजही जावई आला की आधी वर बघून मगच खुर्ची निवडतो.

त्यांचं एकच सांगणं असायचं, "पाणी कुठून येतंय ते आधी शोध. वरून रंग मारू नकोस." माझ्या पोळी-भाजी केंद्राची गिऱ्हाइकं तुटायला लागली तेव्हाही तेच. आमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हाही तेच. राग यायचा, कारण बरेचदा ते खरं असायचं.

तर अशा माणसाच्या छातीत बुरशी गेली, आणि ती गेली ती त्यांच्याच गॅरेजात. हे आठवलं की अजून माझं डोकं सटकतं. म्हणून लिहायला बसलेय.

वर्तकनगरच्या आतल्या अंगाला आमची बैठी घरं आहेत. एका बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारांनी सोसायटी करून बांधलेली. प्रत्येक घराच्या कडेला एक गॅरेज. मोटार तेव्हा एकाकडेही नव्हती, पण होईल कधीतरी, असं वाटण्याचे ते दिवस. मग कुणी गॅरेजात स्कूटर ठेवली, कुणी अडगळ, मी चुली मांडल्या. भालेरावांचं गॅरेज माझ्या केंद्राला लागूनच, मध्ये एक भिंत. नानांनी तिथे सुतारकामाचा ओटा घातला. ते त्याला कारखाना म्हणायचे, माई उकिरडा म्हणायची.

लाकडाचा त्यांना भारी नाद. ठाण्यात जुन्या इमारती पाडायचा सपाटा सुरू झाला तसे नाना पाडकामाच्या मागावर. माजिवड्याला चाळ पडतेय म्हटलं की हे टेम्पो घेऊन हजर. सागाचे दरवाजे आणायचे, ज्यांच्यावर कुणाच्या तरी आडनावाची पाटी अजून खिळलेली असायची. त्या दारांच्या फळ्या काढायच्या, रंधा मारायचा, आणि विहारातल्या अभ्यासिकेसाठी पुस्तकांची कपाटं करायची. अभ्यासिका ही माईची कल्पना. आमच्या मागच्या वस्तीतली पोरं विहाराच्या पायरीवर बसून अभ्यास करतात, त्यांना आत जागा हवी, पुस्तकं हवीत, असं तिने घेतलेलं मनावर. सगळ्या बायकांना गोळा करून पुस्तकं मागत फिरायची. मी हिंदू आहे म्हणून मला सोडलं असेल? छे! माझ्याकडून माझ्या मुलीची सगळी गाइडं घेऊन गेली आणि वर म्हणाली, "जयभीम म्हण, काही झिजत नाहीस." मी म्हटलं, म्हणते बाई, जयभीम!

गॅरेजांच्या पाठीमागे नाला आहे. मागच्या भिंतीत प्रत्येकाला सिमेंटची जाळी, हवा यायला. एका वर्षी मोठा पाऊस झाला तेव्हा नाल्याचं पाणी आधी त्या जाळीतूनच आत आलं. नाना त्या दिवशी कल्याणला कामावर अडकलेले. दुपारी माई माझ्या दारात उभी होती, फोन कानाला. फोन ठेवून म्हणाली, "ह्यांच्या सागाच्या फळ्या उचलून ठेवते गं. भिजल्या तर चार दिवस जेवायचे नाहीत." मी म्हटलं, "मरू देत फळ्या, पाणी घाण आहे." ती हसली आणि साडी खोचून आत गेली. मी माझे गॅस सिलिंडर वर चढवायला धावले. नंतर बघितलं तर छातीएवढ्या पाण्यात ती एकेक फळी माळ्यावर सरकवत होती. सगळ्या फळ्या वाचवल्या तिने. पाणी ओसरलं, आणि थोड्याच दिवसांत तिला ताप भरला. पायाला चीर पडलेली, त्यातून घाण पाण्यातले लेप्टोचे जंतू गेले असं डॉक्टर म्हणाले. माई घरी परत आलीच नाही.

नाना रडले नाहीत. निदान मी तरी पाहिलं नाही. विहारातलं सगळं पार पडलं, मुलगी प्रज्ञा घोडबंदरला आपल्या घरी गेली, आणि दुसऱ्याच आठवड्यात नानांनी सिमेंट कालवलं. मागची जाळी विटांनी बुजवली. वर गिलावा, त्यावर आणखी कसले कसले लेप. शटरपुढे उंबरा घातला, शटरच्या कडांना रबर, रबराच्या फटींना सिलिकॉन, आणि पावसाळ्यात त्याच्यावर निळी ताडपत्री. आत उंबऱ्याशी भुशाच्या गोणी रचलेल्या, चुकून थेंब आलाच तर शोषायला. स्वतः जायचं-यायचं ते घराच्या बाजूच्या लहान दाराने, आणि तेही लगेच लावून घ्यायचे.

भिंतीवर पुराची रेघ उमटलेली, गढूळ, छातीइतकी उंच, गॅरेजभर फिरलेली. ती त्यांनी पुसू दिली नाही. तिच्यावर चुना दिला, तिच्याखाली चुना दिला, रेघ तशीच ठेवली. जाळी बुजवली तिथे नव्या गिलाव्यावर अर्थातच रेघ नव्हती. तर ह्या माणसाने पाण्याची नळी घेतली, दोन्हीकडची पातळी जुळवली, आणि चपट्या पेन्सिलीने ती रेघ नव्या गिलाव्यावरून पुढे ओढली. मी त्यांचा रोजचा डबा घेऊन गेलेले, दारातून बघत होते. डबा ठेवला आणि आले.

पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांच्या गॅरेजात पाणी आलं, नानांच्या नाही. मला हाताला धरून घेऊन गेले दाखवायला. "हात लाव. लाव गं. थेंब नाही." खरंच थेंब नव्हता. पण मला आत उभं राहवेना. नाक चोंदलं, घसा खाजायला लागला. कोंदट, कुबट, भिजलेल्या पोत्यासारखा वास. मी म्हटलं, "नाना, इथे हवाच नाहीये." ते म्हणाले, "हवेने फळ्या भिजत नाहीत."

मग ते सुरू झालं. आधी त्यांच्या चामड्याच्या चपला हिरव्या झाल्या. मग रंध्याच्या मुठीवर पांढरी लव. मग कपाटाच्या आतल्या बाजूला करडे ठिपके. मी लोणची घालणारी बाई, बुरा मला शिकवू नका. म्हटलं, "नाना, बुरशी आहे ही." "धूळ आहे," म्हणाले आणि फडक्याने पुसली. पुढल्या आठवड्यात तिथेच पुन्हा. फिनाइल झालं, रॉकेल झालं, चुना झाला. पुसायचे आणि पुन्हा यायची, दर वेळी वीतभर पुढे सरकलेली.

आणि नाना काय करत होते? पाणी कुठून येतंय ते शोधत होते! टॉर्च घेऊन गुडघ्यावर रांगत, भिंतीला कान लावत, पालथा हात सरकवत. उभं आयुष्य हेच केलेलं, ओल म्हणजे कुठेतरी भोक. भोक सापडेना, मग जिथे संशय येईल तिथे आणखी सिमेंट. बाजूच्या दाराखालची फट बुजवली. दिव्याची वायर जिथून यायची तिथे लेप. एकदा बघते तर शटरच्या कुलपाच्या भोकात मेण भरत होते. मला हसू आलं आणि लगेच भीतीच वाटली. जितकी ओल वाढेल तितकं बंद करायचं, आणि जितकं बंद करायचं तितकी ओल वाढायची. त्या जुन्या दारांमध्ये मुरलेलं पाणी, त्या गोणीतला भुसा, स्टोव्हवर चढवलेला सरस, आणि दिवसभर आत बसलेला एक माणूस श्वास सोडतोय. जाणार कुठे ते सगळं?

खोकला आला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. मधल्या भिंतीतून मला ऐकू यायचा. पोळ्या लाटणाऱ्या बायका म्हणायच्या, "शैलाताई, तुमचे नाना उठले." मग असं झालं की फळी उचलली की बसायचे. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा कुंपणाला धरायचे.

प्रज्ञाने ओढत डॉक्टरकडे नेलं. मीही गेलेले. डॉक्टर तरुण, पण नीट बोलणारा. छातीचा फोटो उजेडाला धरून त्याने विचारलं, "काका, दिवसभर कुठे बसता? तिथे कुबट वास येतो?" मीच सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "बुरशीची धूळ श्वासातून आत जातेय. फुप्फुसं निबर व्हायला लागलीत. जे निबर झालं ते परत मऊ होणार नाही. पण अजून बरंच शिल्लक आहे. एकतर ती जागा सोडा, नाहीतर उघडा. समोरासमोर हवा येऊ-जाऊ द्या." आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ह्या पावसाळ्याच्या आत."

रिक्षात नाना म्हणाले, "पोरगा बरा आहे. पण त्याला ओलीतलं काय कळतं."

प्रज्ञा बापासारखीच. आठ दिवसांत गवंडी घेऊन आली. गवंड्याने बुजवलेल्या जाळीवर खडूने चौकोन आखला आणि हातोडा उचलला. नाना उठले आणि त्या चौकोनासमोर जाऊन उभे राहिले. पाठ भिंतीला, पेन्सिलीची रेघ त्यांच्या छातीमागे.

"बाबा, बाजूला व्हा."

"इथून पाणी आलेलं."

"मला माहितीय कुठून आलेलं! आई गेली, आता तुम्हीही असेच जाणार का? मी काय करू मग, सांगा ना!" तिचा आवाज फाटला. गवंडी बिचारा हातोडा पाठीमागे लपवून उभा.

नाना एवढंच म्हणाले, "तिला मी फोन केलेला, पोरी. फळ्या उचल म्हणून मी सांगितलेलं."

प्रज्ञाला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. माईच्या कानाला फोन होता तेव्हा मी समोरच होते, पण ही गोष्ट मुलीला सांगायची ती बापाने, शेजारणीने नव्हे. प्रज्ञा खाली भुशाच्या गोणीवर बसली. गवंड्याला मी माझ्याकडे नेऊन चहा पाजला आणि परत पाठवला.

तो पावसाळा तसाच गेला. त्याच्या पुढचाही गेला. प्रज्ञा दर रविवारी यायची, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तास तास काढून, बापाला चल म्हणायची आणि एकटीच परत जायची. मी भांडले, डबा बंद करीन म्हणून धमकी दिली. नाना म्हणाले, "बंद कर, बारीक होईन." डबा कसला बंद करतेय मी! एकदा त्यांच्या नकळत शटरचं रबर सुरीने कापून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथे नवं रबर.

मग एका दुपारी भिंतीतून ठोके ऐकू आले. दिवाळी होऊन गेलेली, उन्हं चांगली पडलेली. आधी मला वाटलं कपाट ठोकतायत. पण आवाज मागच्या भिंतीकडून होता. हातातली कणीक तशीच टाकून धावले. नाना छिन्नी-हातोडा घेऊन जाळीसमोर. दोन विटा निघालेल्या, आणि स्वतः जमिनीवर बसलेले, तोंड उघडं, ओठ काळपट. मला बोटाने भिंतीकडे दाखवलं. बघते तर काय, बुरशी त्या रेघेवर चढलेली. पुराची गढूळ रेघ आणि पेन्सिलीची रेघ, दोन्ही काळ्या-हिरव्या ठिपक्यांखाली गेलेल्या. कुठे होती ते सांगता येईना.

"पुसायला गेलो," नाना धापा टाकत म्हणाले, "तर सगळा चुनाच हातात आला. रेघ गेली, शैला. सांभाळायचं काही राहिलंच नाही."

मी हातोडा घेतला. आयुष्यात लाटणं सोडून काही धरलेलं नाही. पहिला घाव छिन्नीवरून निसटून माझ्याच अंगठ्यावर. नाना खालून म्हणाले, "भिंतीला मार गं, तिने तुझं काही केलं नाही म्हणून हळू मारू नकोस." मी रडत होते आणि हसतही होते, आणि मारत होते. विटा पलीकडे नाल्यात पडल्या, धपाधप. भोक मोठं झालं तसा ऊन आणि नाल्याचा घाणेरडा वास एकदमच आत आला. मी पदर नाकाला लावला. नानांनी डोळे मिटून तो वास ओढून घेतला, जमेल तितका.

मग शटर वर केलं. कित्येक वर्षांनी गॅरेजातून आरपार वारा गेला. कोपऱ्यातल्या भुशाच्या गोणी आम्ही ओढून बाहेर काढल्या, त्या तळाला काळ्या पडलेल्या. फळ्या अंगणात उन्हात ठेवल्या. बऱ्याच आतून गेलेल्या होत्या, बोटाने दाबलं की भुगा. माईने वाचवलेल्या फळ्या त्या. नानांनी एकेक दाबून बघितली आणि बाजूला ठेवली. शेवटी चांगल्या निघालेल्या फळ्यांचं एकच कपाट झालं. बसल्या बसल्या केलं, मध्ये मध्ये थांबत. विहारात नेलं तेव्हा पोरं म्हणाली, वास येतो. आठवडाभर ते पायरीवर उन्हात उभं होतं, मग आत गेलं. अजून आहे तिथे.

डॉक्टर म्हणाला, उघडलंत हे बरं केलंत, पण उशीर झाला. दोन पावसाळे आधी उघडलं असतंत तर. हे वाक्य त्याने पुरं केलं नाही, तेवढी माणुसकी त्याच्याकडे होती. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी घालून नाना गॅरेजच्या तोंडाशी खुर्चीवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "काय, घर गळतंय का?" लोक खोटं सांगायचे, नाही म्हणून.

पावसाळा तोंडावर आला तशी प्रज्ञा गाडी घेऊन आली. ह्या वेळी नाना नाही म्हणाले नाहीत. सामान म्हणजे दोन पिशव्या, माईचा फोटो आणि ते मशीन. मी शिदोरी दिली, घावन आणि चटणी, जी धाप लागून ते गिळू शकणार नव्हते हे मलाही ठाऊक होतं. सकाळपासून भरून आलेलं, गाडीत बसवेपर्यंत सरी सुरू झाल्या. मागच्या भोकातून पावसाची झड गॅरेजात येत होती, ओट्यापर्यंत ओलं झालेलं. सवयीने मी शटर ओढायला गेले.

"राहू दे," गाडीतून आवाज आला. "उघडं राहू दे."

मी काचेपाशी गेले. त्यांनी हात बाहेर काढला, पालथा करून माझ्या गालाला लावला आणि क्षणभर तसाच ठेवला. "आहे," म्हणाले. मी म्हटलं, "पाऊस आहे तो नाना, चेहऱ्यावर आलाय." त्यांनी मान हलवली. नळीतून श्वास घेत घेत, तुकड्या तुकड्याने बोलले. "ऐक. पाणी भरेल. नाला भरला की भरेलच. तू आत जायचं नाहीस. रंधा राहिलाय, ओटा राहिलाय, काही उचलायला जायचं नाही. भिजू दे सगळं. मी फोन केला, तरी जायचं नाही. कळलं?"

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना गं?" मी पुन्हा हो म्हटलं. मग प्रज्ञाने काच वर केली.